करोडगिरी नाक्यापासून साठामर्यादेपर्यंत : मालाचं, युद्धाचं आणि ताटाचं स्वातंत्र्य वेगवेगळं मागता येतं का?

बालाघाट

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपल्याकडे गावोगाव झेंडा लागतो. रझाकारांच्या अत्याचारांवर भाषणं होतात, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतलं जातं. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानातली साधी माणसं नेमकं काय मोडायला निघाली होती, हे भाषणात फारसं येत नाही. त्यांनी लेव्ही द्यायला नकार दिला, म्हणजे पिकातला ठरलेला वाटा सरकारच्या भावानं सरकारी कोठारात घालायचं नाकारलं. सरहद्दीवरचे करोडगिरी, म्हणजे जकातीचे, नाके जाळले. बार्शी इंग्रजी मुलखात आणि उस्मानाबाद निजामाच्या मुलखात, त्यामुळे शेजारच्या बाजाराला माल न्यायचा तरी मध्ये जकात. आणि शिंदीची झाडं तोडली, कारण आबकारीचा पैसा निजामाच्या खजिन्यात जात होता. धान्य, व्यापार आणि व्यसनावरचा कर, या तिन्हींवर एकाच वेळी घाव घातला गेला.

मला या धाग्यात एवढंच मांडायचं आहे की त्या लोकांना जे उमगलं होतं ते आपण विसरलो. सत्ता एकच असते. ती पोत्यावर हात ठेवते, तोच हात ताटावर येतो, आणि युद्धाच्या नावानं तो सगळ्यात लांब पोचतो.

आवश्यक वस्तू कायद्याचंच बघा. १९५५चा कायदा म्हणून तो ओळखला जातो, पण त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. इंग्रज सरकारनं भारत संरक्षण नियमांखाली धान्य, कापड, साखर यांच्यावर ताबा बसवला. युद्ध संपलं तेव्हा नियम संपायला हवे होते. त्याऐवजी १९४६ साली ‘तात्पुरत्या अधिकारांचा’ कायदा आला आणि १९५५ साली तात्पुरतं कायमचं झालं. हिटलर मेला, साम्राज्य गेलं, आणि २ जून २०२३ला लातूरच्या तुरीवर साठामर्यादा बसली ती त्याच वंशातल्या कायद्याखाली.

दुसरं उदाहरण सोन्याचं. १९६२ला चीनशी युद्ध झालं. जानेवारी १९६३मध्ये भारत संरक्षण नियमांखालीच सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी. गावोगावचे सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. लढाई महिनाभरात थांबली होती. नियंत्रणाचा १९६८ला रीतसर कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. १९६२ची आणीबाणीसुद्धा जानेवारी १९६८पर्यंत उठवली नव्हती. रॉबर्ट हिग्ज या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं हाच सिद्धान्त मांडला आहे : संकटात सरकार फुगतं, आणि संकट ओसरल्यावर पुन्हा पहिल्या मापावर येत नाही.

आता ताटाकडे या. मार्च २०१५मध्ये आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली गेली. पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. शेतमालाच्या मुक्तीवर तासतास बोलणारे माझे जुने सोबती या विषयावर गप्प बसले. उलट बाजूला, ‘मी काय खावं हे सरकारनं सांगू नये’ असं ठणकावणारे पुरोगामी मित्र कांद्याची निर्यातबंदी आली की ‘ग्राहकाचाही विचार हवा’ म्हणतात. दोघांनाही स्वातंत्र्य हवंय, पण फक्त आपापल्या आवडीचं.

शरद जोशींच्या संघटनेनं ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दिली त्याला चार दशकं उलटली. त्या घोषणेत अख्खा विचार आहे असं मी मानतो. फक्त तो आपण भावापाशीच थांबवला. नुसतं ‘सहमत’ लिहू नका, जिथे पटत नाही तिथे बोला.

मोंढा_लातूर

साठामर्यादेवर मी लिहितो, कारण ती आमच्या दुकानापर्यंत आलेली आहे. जून २०२३मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळवाल्याला ५ टन. सप्टेंबरात २००चे ५० केले. नोव्हेंबरात परत २००. दालमिलला वेगळा हिशोब. दर आठवड्याला पोर्टलवर साठा दाखवायचा. सहा महिन्यांत तीनदा नियम बदलला तर मिलवाला काय करतो? तो हात आखडतो. माल घेतला आणि उद्या मर्यादा खाली आली तर गुन्हेगार कोण, मीच ना? म्हणून तो रोजच्या गाळपापुरतं घेतो. बाजारात खरेदीदार कमी झाला की सौद्यात बोली कमी पडते, आणि ते नुकसान मिलच्या वहीत दिसत नाही, शेतकऱ्याच्या पट्टीवर दिसतं.

मर्यादा बसवून तूर स्वस्त झाली का? नाही. त्या वर्षी पीकच कमी होतं. भाव दहा हजारांच्या वर गेला तो माल नव्हता म्हणून.

सोयाबीनचं त्याहून वाईट. ऑगस्ट २०२१मध्ये बारा लाख टन जनुकीय सोयापेंड आयातीला परवानगी दिली, म्हणजे जे बियाणं आपल्या शेतकऱ्याला पेरायला बंदी त्याचीच पेंड बाहेरून आणायला मोकळीक. डिसेंबरात सेबीनं सोयाबीन, हरभरा वगैरे सात मालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद केले. इथला शिकलेला शेतकरी मोबाइलवर वायदा बघून ठरवायचा, आज विकू की थांबू. ती खिडकीच बंद झाली. मोठ्या कंपन्यांना शिकागोचे भाव दिसतातच.

पण बालाघाटभाऊ, आमच्या मोंढ्यालाही मोकळा बाजार नकोच असतो, हेही लिहा. १९६३च्या बाजार समिती कायद्यानं परवान्याचं कुंपण घातलं आणि आत जे आले त्यांनी ते जपलं. केंद्राचे २०२०चे तीन शेती कायदे आले तेव्हा विरोध फक्त पंजाबात नव्हता. आमच्या गल्लीतही ‘समितीबाहेर विक्री नको’ म्हणणारे होते, आणि ते बाकी सगळ्या बाबतीत खुल्या बाजाराचे भक्त.

बालाघाट

मोंढा_लातूर, तुमचा शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. धंदेवाला आणि मोकळा बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवश्यक वस्तू कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीत नाशवंत नसलेल्या मालाचा भाव वर्षात ५० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय साठामर्यादा लावता येणार नाही अशी अट होती. २०२१च्या शेवटी बाकीच्या दोन कायद्यांबरोबर तीही गेली. त्या अटीत पळवाटा होत्याच, पण निदान आकडा होता. आज मंत्रालयाला वाटलं की मर्यादा.

साखरेचं लेव्हीचं जोखड २०१३ला उतरलं. कापूस एकाधिकार, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायची सक्ती, तर आपल्यातल्या अनेकांनी भोगलाय. १९७२पासून जवळपास तीस वर्षं स्वतःचा कापूस शेजारच्या आंध्रात न्यायचा तर चोरासारखा, रात्री न्यायचा. किनवट-माहूर पट्ट्यातल्या माणसाला विचारा. निजामाचा नाका जाळला आणि त्याच रस्त्यावर आपल्या सरकारचा नाका उभा राहिला.

निवृत्त_फौजी_मुखेड

मी सरकारी नोकरीत आयुष्य घालवलं, तेही बंदूक घेऊन. त्यामुळे माझं मत तुम्हाला पटणार नाही, तरी लिहितो.

बाजाराबद्दल तुम्ही म्हणता ते ठीक असेल. युद्धाबद्दल नाही. १९४७च्या नोव्हेंबरात निजामाशी जैसे-थे करार झाला, आणि पुढचे दहा महिने मराठवाड्यात काय चाललं होतं? गावं जळत होती. बार्शीच्या, पंढरपूरच्या बाजूला लोक पळत होते. तुमचे मोकळे बाजारवाले तेव्हा कुठे होते? १३ सप्टेंबरला फौज आत शिरली, १७ला निजाम शरण आला, म्हणून आज तुम्ही इथं लिहिताय. मजबूत सरकार नसतं तर ते झालं नसतं. सोन्याचंही तसंच. १९६२ला परकीय चलन नव्हतं आणि सोन्याची तस्करी देश पोखरत होती. जवान बर्फात सुती कपड्यात उभा असताना सोनाराचं दुकान आधी बघायचं का?

उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ला लुटली ती आपल्याच लोकांनी. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्यांनी त्याचं काय करायचं तेही सांगा.

बालाघाट

फौजीसाहेब, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. सविस्तर लिहितो.

मी मांडतोय तो लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा, विचार. तो म्हणजे हात बांधून मार खाणं नव्हे. त्याचा पाया एवढाच की कुणावर आधी बळ वापरायचं नाही. जो वापरतो त्याला बळानं थांबवणं हा हक्क आहे. रझाकार गावावर चालून आला, त्याच्याशी लढणारा माणूस न्यायानं लढत होता. उमरीची बँक हा त्या लढ्याचा भाग होता, लढवय्यांनी त्या पैशाचा हिशेब ठेवला ही गोष्ट नांदेड जिल्ह्यात आजही अभिमानानं सांगितली जाते. तरी ठेवीदारांतला एखादा गरीब असेल तर त्याचं देणं उरतंच, असं मी म्हणेन. लढा न्याय्य असला तरी त्यात झालेलं प्रत्येक नुकसान न्याय्य होत नाही.

आणि इथेच १७ सप्टेंबरनंतरचे दिवस येतात. नेहरूंच्या सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना हैदराबादला पाठवलं. फौज आल्यानंतरच्या हिंसाचारात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. यातले दोन आपले. अहवाल दडवला गेला, लोकांना पाहायला मिळाला २०१३मध्ये. मारले गेलेले बहुतेक रझाकार नव्हते. शेतकरी, विणकर, शिंपी होते, आपल्याच वेशीच्या आत राहणारे. रझाकारांनी आधी काय केलं ते मी विसरत नाही. कासीम रझवी लातूरचाच वकील होता, ती जखम आपल्या घरातली आहे. पण ज्यानं गुन्हा केला त्यालाच शिक्षा, ही साधी नीती युद्धात सगळ्यात आधी मरते. एका माणसाचा हिशोब त्याच्या जातभाईकडून वसूल केला जातो. सरकारचं नाव ‘पोलीस कारवाई’ आणि आत रणगाडे, यावरूनच कळतं की सत्ता स्वतःच्या कामाला नावही स्वतःच देते.

‘युद्ध म्हणजे राज्यसंस्थेचं आरोग्य’ असं रँडॉल्फ बोर्न या अमेरिकन लेखकानं १९१८ साली लिहिलं. पहिलं महायुद्ध चालू असताना, स्वतःच्या देशात एकटा पडून लिहिलं. सोन्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य केलं, परकीय चलनाची चणचण खरी होती असं धरलं, तरी १९६२चं संकट १९९०पर्यंत कसं टिकलं? बर्फात सुती कपड्यात उभ्या असलेल्या त्या जवानाला लोकरी कोट न देणारं सरकार आणि सोनाराच्या हातातली फुंकणी हिसकावणारं सरकार एकच होतं.

फौजेबद्दल एक सांगतो. आपल्या देशात सक्तीची भरती नाही, तुम्ही स्वखुशीनं गेलात. अमेरिकेत ती सक्ती १९७३ला संपली, आणि ती संपवण्याची शिफारस करणाऱ्या आयोगावर मिल्टन फ्रीडमन होते. मोकळ्या बाजाराचा सगळ्यात मोठा वकील तरुणांना जबरदस्तीनं युद्धावर पाठवण्याविरुद्ध उभा राहिला. स्वतंत्र पक्षाचे राजाजी ८०च्या पुढचे असताना १९६२ला अणुचाचण्या थांबवा हे सांगायला केनेडींकडे गेले. आपल्याकडे मात्र खुला बाजार म्हटलं की युद्धखोरी हा जोड-सामान कसा काय आला, मला समजत नाही.

गोदाकाठचा

सुंदरलाल समितीचा विषय काढायची गरज नव्हती. जुन्या जखमा उकरून काय मिळतं.

औसेकर

@गोदाकाठचा, आमच्या भागात त्या काळात ओस पडलेल्या घरांच्या जागा लोक अजून दाखवतात. माझी आजी सांगायची, शेजारच्या बाईनं पोरं आमच्या कणगीत लपवली होती. उकरायची गरजच नाही, वरच आहे.

पूर्णाकाठी

बालाघाटदादा, राजाजींचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. याच राजाजींनी १९३७ला सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली. बुडालेला पैसा भरून काढायला १९३९ला विक्रीकर आणला. म्हणजे तुमच्या स्वातंत्र्यवाद्यांच्या आजोबांनी दारूही बंद केली आणि नवा करही बसवला. मला त्यांचा राग नाही, उलट त्यांना बायकांचं दुःख कळलं असेल असं वाटतं.

आमच्या गावात आम्ही बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदान घडवून आणलं. २००८च्या नियमात निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होतं. सही गोळा करताना नवऱ्यांनी दारं लावून घेतली. दुकानदाराची माणसं घरी येऊन गेली. तरी झालं. आता मला सांगा, तुमच्या हिशोबात आम्ही दुकानदाराचं स्वातंत्र्य हिरावलं का? पिणाऱ्याचं हिरावलं का? ‘दारू पिणं गुन्हा नाही, मारणं गुन्हा आहे’ हे तुम्ही लिहाल, मला माहीत आहे. पण मारल्याची तक्रार घेऊन ठाण्यात गेलं की ‘घरातलं भांडण घरात मिटवा’ म्हणतात. गुन्हा वहीत लिहून घेत नाहीत, तोवर दुकान बंद करणं एवढीच एक गोष्ट आमच्या हातात आहे.

बालाघाट

ताई, तुमच्या लढाईला मी कमी लेखणार नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनंही दारू दुकानांविरुद्ध आंदोलन केलं होतं, तेव्हा या चळवळीत तुमची जागा आधीपासून आहे.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. तुमच्या गावचं परवान्याचं दुकान हा मोकळा बाजार नव्हता. परवाना सरकारचा, महसूल सरकारचा, आणि तो महसूल हवा म्हणून वस्तीला नको असलेलं दुकान सरकारच राखत होतं. निजामाच्या शिंदीच्या झाडांसारखंच ते. ते तुम्ही आडवं केलंत यात मला आक्षेप नाही. पण संपूर्ण राज्याची दारूबंदी आली तर मी विरोध करीन, कारण तिची किंमत हातभट्टीचं विष आणि हप्ता या रूपानं पुन्हा तुमच्याच दारात येईल. पिण्याचा परवाना लागणं हे १९४९च्या कायद्यानं आजही कागदावर आहे. पाळतं कोण? जो कायदा सगळेच मोडतात तो नेमका गरिबाला पकडायला कामी येतो.

ठाण्यात तक्रार घेत नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे लहान नाही. सरकारला शंभर कामं दिली की ते आपलं पहिलं काम, म्हणजे मार खाणाऱ्याचं रक्षण, करत नाही. एवढंच म्हणतो.

पूर्णाकाठी

‘शंभर कामं’ हे मला पटत नाही. दहा कामं दिली तरी बायकोच्या मारहाणीचं काम अकराव्या नंबरलाच राहील. तो नंबर सरकारनं नाही, गावानं ठरवलाय.

कंधारी_बैल

म्या जास्त शिकलेला न्हाई, पर बैलाचं मी सांगतो. आमच्याकडं लाल कंधारी, उदगीरकडं देवणी. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आन् माळेगावच्या जत्रंत आमचा बाप बैलजोडी घ्यायचा, थकलेली इकायचा, वर पैसे घालून नवी आनायचा. आसं पिढ्यान् पिढ्या चाललं. २०१५पासून थकला बैल कोन घ्यायलंय? कुनीबी न्हाई. गाडीत घालून न्यावं तर रस्त्यात आडवतेत, कागद दाव म्हन्तेत, मारतेत. मंग घरीच ठिवायचा. दुस्काळात मानसाला पानी न्हाई, बैलाला कडबा कुठून आनायचा? लोकं रातच्याला सोडून देयलेत. तेच मंग दुसऱ्याच्या हरभऱ्यात.

बैलावर आमचा जीव हाय. पोळ्याला पुरनपोळी आधी त्याला. पर जीव लावनं येगळं आन् त्याची किंमत सरकारनं काढून घेनं येगळं. दहा-पंधरा हजाराचं जित्राब एका कायद्यानं फुकट झालं, त्याची भरपाई कुनी मागितली? आता पोरं बैल पाळंनातच, ट्रॅक्टर भाड्यानं आनायलेत. कंधारीची औलाद कायद्यानं वाचंल म्हनत होते, उलटं झालं.

मोंढा_लातूर

@कंधारी_बैल, शंभर टक्के. मालकी म्हणजे विकायचा हक्क. विकता येत नाही ती मालकी नसते, नुसतं चारापाणी करायचं ओझं असतं.

बालाघाट

कंधारी_बैलभाऊंनी जे लिहिलं त्यापुढे माझ्या पोस्टीतला परिच्छेद फिका आहे. उच्च न्यायालयानं मे २०१६मध्ये बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, माणसाच्या खाजगीपणाचा आधार घेऊन. म्हणजे खाणाऱ्याला थोडी जागा मिळाली, विकणाऱ्या शेतकऱ्याला काहीच नाही.

सार्वजनिक नीतीच्या नावानं खटले भरणं आपल्याकडे जुनं आहे. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण कुणाला किळस येते म्हणून छापायला बंदी घालता येत नाही, या बाजूनं ते उभे राहिले.

निळी_वाट

बाबासाहेबांचं नाव आलं म्हणून थांबलो, नाहीतर हा धागा नुसता वाचून सोडणार होतो.

इथं सगळे सरकारच्या हाताबद्दल बोलताहेत. आमच्यावर हात टाकला तो आधी गावानं. बहिष्कार पडला की किराणा दुकानदार मीठ देत नाही, पिठाची गिरणी दळून देत नाही, शेतात काम मिळत नाही. दुकानदार म्हणेल, माझं दुकान, मी कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. तुमच्या विचारात तो चूक कसा? त्यानं बळ तर वापरलं नाही. १९७८ला विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात वस्त्या जाळल्या, तेव्हा विझवायला ना बाजार आला ना सरकार. २०१६ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, तो सरकारनंच केला ना? तुमच्या मुक्तीच्या यादीत तोही रद्द करायचा आहे का?

दुसरं जमिनीचं. अंबाजोगाईच्या अमर हबीबांच्या किसानपुत्र आंदोलनाची मागणी मला माहीत आहे : कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू, अधिग्रहण, तिन्ही कायदे रद्द करा. कमाल जमीनधारणेच्या, म्हणजे सीलिंगच्या, कायद्यातून निघालेली जमीन काही भूमिहीनांनाही मिळाली. कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा कमी पडते म्हणणाऱ्यांनी जरा आमच्या गायरानाकडे बघावं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यात आमची माणसं गायरान कसत आली. पडीक, दगडी जमीन. १४ एप्रिल १९९०च्या आधीचं अतिक्रमण कायम करायचा निर्णय झाला, तरी सातबारा निघाला नाही अशी घरं कितीतरी. पिकात गुरं घातली जातात, झोपड्या पाडल्या जातात. मालमत्तेच्या हक्कावर एवढं लिहिणाऱ्या लोकांनी आमच्या त्या दगडी तुकड्याच्या हक्कावर कधी मोर्चा काढला?

बालाघाट

निळी_वाट, गायरानाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे माझ्या मनात शंका नाही. मालमत्ता कुठून जन्मते, यावर या विचाराचं मूळ उत्तर जॉन लॉकचं : कुणाची नसलेली जमीन जो श्रमानं कसतो ती त्याची. या कसोटीवर गायरान फोडणाऱ्या माणसाचा हक्क पाटलाच्या वतनी जमिनीपेक्षा पक्का आहे. वतन सत्तेनं दिलं, गायरान घामानं झालं. शेतकरी चळवळीनं हा प्रश्न आपला मानला नाही, ही तिची मोठी उणीव आहे. सातबारा न देणं ही मालमत्तेची चोरीच आहे, आणि करणारं सरकार आहे.

बहिष्काराचं. वस्ती जाळणं, पीक चारणं हे सरळ बळ आहे, तिथे वाद नाही. दुकानदारानं मीठ न देणं अवघड आहे. एकटा दुकानदार नाही म्हणाला तर दुसरा देईल, असं पुस्तकात असतं. गावात तो दुसराही देत नाही, कारण दिलं तर त्याच्यावर दंड बसतो, त्याचीही गिरणी बंद होते. म्हणजे एकमेकांना धाकात ठेवून उभी केलेली ती जबरदस्तीच आहे, पंचांच्या हातातली. म्हणून २०१६चा कायदा माझ्या रद्द करायच्या यादीत नाही. पंचायतीचा धाक मोडणं हे रक्षणाचंच काम आहे. अनेक लिबर्टेरियन इथे माझ्याशी भांडतील. भांडू देत.

सीलिंगवर मात्र मी मागे येत नाही. शहरी कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्रानं २००७ला सोडला. बिल्डरला मर्यादा नाही, कारखानदाराला नाही, फक्त शेतकऱ्याला आहे, आणि नवव्या परिशिष्टामुळे त्याला दशकानुदशकं न्यायालयात दादही मागता आली नाही. ते परिशिष्ट १९५१ला पहिल्याच घटनादुरुस्तीत आलं.

निळी_वाट

पंचांबद्दल लिहिलंत ते पटलं. सीलिंगबद्दल नाही. शहरात बिल्डरला सोडलं म्हणून गावात जमीनदारालाही सोडा, हा न्याय मला कळत नाही. बिल्डरलाही धरा, असं का नाही म्हणत? तुम्ही कायदे रद्द करायची यादी करताय तर गायरानाचा सातबारा तिच्यात सर्वात वर लिहा. आमच्या हातात कागद आला की मग ५४ एकरांवर बोलू.

बालाघाट

वर लिहिला. पुढच्या बैठकीच्या मागण्यांत तो पहिला ठेवायचा ठराव मी मांडतो. बैठक अंबाजोगाईला असते. तुमच्याकडची, सातबारा न निघालेली दहा-पाच प्रकरणं कागदांसह आणता आली तर आणा. मोंढा_लातूर, तुम्हीही या. साठामर्यादेचे सगळे आदेश तारखेसह तुमच्याकडे असतील तर त्यांच्या झेरॉक्स हव्यात.

मोंढा_लातूर

आहेत. फाइल करून आणतो.

कंधारी_बैल

बैलाचं बी लिवा त्यात.